फोटो ब्लर येतोय? लेन्स विकायच्या आधी हे ऐका

(या भागाचा लेखी मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

कंपनीच्या बसमध्ये असाल तर खिडकीची सीट पकडा, रूमवर असाल तर चहा ठेवा. आजचा भाग थोडा हिशेबाचा आहे, पण पैसे वाचवणारा आहे.

विषय आहे फोकस. कॅमेऱ्याचा फोकस. फोटो ब्लर का येतो, दोष नक्की कुणाचा हे कसं ओळखायचं, आणि दोष सापडल्यावर तो दुरुस्त कसा करायचा.

आता हा विषय का? तर आपल्या भागात, म्हणजे बजाजनगर, रांजणगाव, पंढरपूर, वडगाव कोल्हाटी, जोगेश्वरी या पट्ट्यात, दिवसा किंवा रात्री शिफ्ट करून सुट्टीच्या दिवशी फोटोच्या ऑर्डर घेणारी बरीच पोरं-पोरी आहेत. बारसं, साखरपुडा, लग्न, प्री-वेडिंग. कॅमेरा बहुतेक वेळा सेकंडहँड, लेन्स त्याहून सेकंडहँड. आणि काम असं की त्यात रीटेक नाही. अंतरपाट एकदाच खाली येतो. त्या एका सेकंदाला नवरीचे डोळे सॉफ्ट आले, तर अल्बममध्ये ते पान आयुष्यभर तसंच राहतं. पार्टीने उरलेले पैसे अडवले तर ते वेगळंच.

मग काय होतं? माणूस चिडतो. "लेन्सच खराब आहे" म्हणतो, निम्म्या किमतीत विकून टाकतो आणि ईएमआयवर नवी घेतो. आणि पुढच्या लग्नात पुन्हा तेच. कारण दोष लेन्सचा नव्हताच.

आजचा मुद्दा एका वाक्यात सांगतो: ब्लर हा रोग नाही, ते लक्षण आहे. ताप आला म्हटल्यावर डॉक्टर लगेच ऑपरेशन करत नाही ना? आधी तपासतो. तसंच इथे करायचं.

आणि खरं सांगू का, ही तपासणी आपल्या भागातल्या लोकांना शिकवायची गरजच नाही. तुमच्यापैकी कितीतरी जण क्वालिटीत आहात. एखादा पार्ट रिजेक्ट झाला तर तुम्ही काय करता? लगेच मशीन भंगारात काढता? नाही. मटेरियल बघता, टूल बघता, सेटिंग बघता, ऑपरेटर बघता, आणि गेजसुद्धा बघता. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघता. बस, तेच डोकं कॅमेऱ्याला लावायचं.

कॅमेरा फोकस करतो म्हणजे काय करतो?

आधी थोडं यंत्र समजून घेऊ. गंमत बघा, १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, आणि त्याच १९८५ मध्ये जपानच्या मिनोल्टा कंपनीने मिनोल्टा ७००० हा कॅमेरा बाजारात आणला. ऑटोफोकसची यंत्रणा आणि लेन्स फिरवणारी मोटर दोन्ही बॉडीतच, असा हा एसएलआर. त्यानंतर सगळ्याच कंपन्या ऑटोफोकसच्या मागे लागल्या. आजचे सेकंडहँड डीएसएलआर त्याच घराण्यातले.

डीएसएलआरमध्ये उजेडाला दोन रस्ते असतात. लेन्समधून आलेला उजेड आरशावर पडतो. त्यातला बराचसा वर जातो, तो तुम्हाला व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतो. थोडा उजेड मुख्य आरशातून आरपार जातो, मागच्या छोट्या आरशावर आपटून खाली वळतो आणि कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या फोकस सेन्सरवर पडतो. हा सेन्सर सांगतो, "फोकस लागला." मग तुम्ही बटण दाबता, आरसे वर जातात आणि उजेड सरळ मुख्य सेन्सरवर जातो. फोटो तिथे उमटतो.

म्हणजे मोजमाप एका ठिकाणी आणि फोटो दुसऱ्या ठिकाणी! हे दोन रस्ते अगदी सारख्या लांबीचे असतील तरच हिशेब जुळतो. कॅमेरा पडला, आरसा किंचित हलला, किंवा बॉडी आणि लेन्स दोन्ही आपापल्या मर्यादेत ठीक असून जोडीत जमले नाहीत, तर फोकस थोडा पुढे किंवा थोडा मागे पडतो. यालाच फ्रंट फोकस आणि बॅक फोकस म्हणतात.

मिररलेस कॅमेऱ्यात आणि मोबाइलमध्ये आरसा नसतो. मुख्य सेन्सरच फोकस मोजतो. त्यामुळे तिथे हा पुढे-मागेचा झगडा जवळजवळ संपतो. पण तरीही ब्लर फोटो येतात, बरोबर? म्हणूनच म्हणतो, कारणं अनेक आहेत.

फोटोच साक्षीदार आहे

चला, पहिली तपासणी. कॅमेऱ्याला हात लावू नका. ब्लर आलेला फोटो कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठा करा आणि शांतपणे बघा. व्हॉट्सॲपवर आलेला नको, मूळ फाइल. चार चेहरे ओळखायचे.

पहिला चेहरा: सगळा फोटो एकाच दिशेने ओढल्यासारखा. दिव्याच्या ठिपक्याची छोटी रेघ झालीय, आणि सगळीकडे तशीच झालीय. हा हात हलला. शटर स्पीड कमी पडला.

दुसरा: मागची खुर्ची, मांडवाचा खांब स्वच्छ, पण नाचणारा मामा पुसट. इथे माणूस हलला. लेन्सवरचं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सांभाळतं, मामाला नाही!

तिसरा: डोळे सॉफ्ट, पण कान किंवा मागचा करवलीचा हार कडक शार्प. म्हणजे फोटोत कुठेतरी काहीतरी शार्प आहे. हा खरा फोकसचा प्रश्न. फोकस लागला, पण भलत्याच जागी लागला.

चौथा: काहीच शार्प नाही, कुठेच नाही. रेघही नाही. सगळ्यावर दुधासारखी साय, किंवा एकच बाजू कायम मऊ. इथे लेन्सवर संशय घ्यायचा. घाण, बुरशी, किंवा आतली काच हललेली.

या चारपैकी पहिले दोन तर फोकसचे प्रश्नच नाहीत. ते शटर स्पीडने सुटतात. ५० एमएमची लेन्स क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यावर असेल तर हातात धरून निदान १/१०० ठेवा. माणसं चालत-बोलत असतील तर १/२५०, नाचत असतील तर १/५०० किंवा जास्त. त्यासाठी आयएसओ वाढवावा लागला तर वाढवा. दाणेदार फोटो अल्बममध्ये चालतो, हललेला चालत नाही.

आषाढीला आपल्या छोट्या पंढरपूरला दिंड्या येतात तेव्हा हे घरबसल्या शिकता येतं. एकाच जागी उभे राहा, १/६० वर फोटो काढा, मग १/५०० वर. टाळ वाजवणारे हात बघा. हात हलल्याचा ब्लर आणि फोकस चुकल्याचा ब्लर यातला फरक पुन्हा कधी विसरणार नाही.

मुंडावळ्या आणि सेंटीमीटरचा हिशेब

आता तिसरा चेहरा. फोकस भलत्या जागी लागला. पण का?

इथे थोडं गणित. ५० एमएम लेन्स, एफ १.८, क्रॉप सेन्सर, समोरचा माणूस दीड मीटरवर. फोटोत जो भाग शार्प दिसतो त्याची खोली किती? साधारण साडेसहा सेंटीमीटर. पुढे-मागे सगळं धरून! एक मीटरवर या, तर तीन सेंटीमीटरच्या आत. नाकाचं टोक ते डोळा हे अंतर जवळपास तेवढंच आहे. म्हणजे फोकस नाकावर लागला तर डोळे गेले.

आता नवरा-नवरीच्या चेहऱ्यासमोर काय असतं? मुंडावळ्या! मोत्यांच्या लडी, चमकणाऱ्या, गालापासून थोड्या पुढे लटकणाऱ्या. फोकस सेन्सरला काय आवडतं? उजेड-अंधाराची ठळक कडा. मोती म्हणजे त्याच्यासाठी मेजवानी. शिवाय व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारा चौकोन छोटा असतो, पण प्रत्यक्षात सेन्सर बघतो तो भाग त्या चौकोनापेक्षा मोठा असू शकतो. तुम्ही चौकोन डोळ्यावर ठेवला, त्याने मोती पकडला. कॅमेरा खोटं बोलला नाही. त्याने सांगितलेलं काम केलं, फक्त वेगळ्या वस्तूवर.

दुसरी सवय: मधल्या पॉइंटने डोळ्यावर फोकस करायचा, बटण अर्धं दाबून धरायचं आणि कॅमेरा फिरवून फ्रेम लावायची. लांबून चालतं. जवळून, मोठ्या अपर्चरला चालत नाही. सव्वा मीटरच्या आसपास असताना कॅमेरा १५ अंशांनी फिरवला, तर फोकसची पातळी डोळ्याच्या मागे सुमारे ४ सेंटीमीटर सरकते. आणि या अंतरावर आपल्याकडे पुढे-मागे मिळून खोली आहे तीच मुळी ४ सेंटीमीटरच्या आसपास! म्हणजे फोटो गेला.

उपाय साधे आहेत. एकच पॉइंट निवडा, तो डोळ्याजवळचा निवडा, कॅमेरा फिरवू नका. विधी चालू असताना एफ १.८ चा हट्ट सोडा, एफ २.८ किंवा ३.५ ला या. माणूस तुमच्याकडे चालत येत असेल तर कंटिन्युअस फोकस लावा, बसलेला असेल तर सिंगल. एक गोष्ट लक्षात ठेवा, कंटिन्युअसमध्ये बरेच कॅमेरे फोकस पूर्ण लागला नसला तरी शटर सोडतात.

दहा फोटोंची चाचणी

हे सगळं नीट करूनही फोकस चुकतोच आहे, तर मग चाचणी. रविवारी दुपारी, घरात, अर्ध्या तासाचं काम.

एक खोका घ्या. त्याच्या सपाट बाजूवर मोठ्या ठळक अक्षरांचा वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवा. हे आपलं निशाण. खोक्याच्या शेजारी एक फुटपट्टी तिरकी, ४५ अंशांत उभी करा, अशी की तिचा मधला आकडा निशाणाच्या बरोबर रेषेत येईल. कॅमेरा ट्रायपॉडवर, निशाणाच्या अगदी समोर, त्याच उंचीवर. अंतर फोकल लेंथच्या २५ ते ५० पट. म्हणजे ५० एमएमसाठी सव्वा ते अडीच मीटर. खिडकीचा भरपूर उजेड. अपर्चर पूर्ण उघडं. शटर दोन सेकंदांच्या टायमरवर, म्हणजे बोटाचा धक्का नाही. ट्रायपॉडवर आहोत, तेव्हा लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद.

आता मधल्या पॉइंटने निशाणावर फोकस करा, फोटो काढा. मग लेन्सची रिंग फिरवून फोकस मुद्दाम बिघडवा, पुन्हा फोकस करा, पुन्हा फोटो. असे दहा. पाच वेळा जवळच्या बाजूने बिघडवा, पाच वेळा लांबच्या.

त्यानंतर लाइव्ह व्ह्यू चालू करा, स्क्रीनवर निशाण दहापट मोठं करा आणि हाताने फोकस करून दोन-तीन फोटो काढा. इथे आरसा वाटेत नाही, त्यामुळे ही आपली कसोटीची प्रत. लेन्सची खरी ताकद किती, ते यात दिसतं.

दहाही फोटो मोठे करून बघा आणि कागदावर लिहा: शार्प कुठे आहे? निशाणावर, पुढे, की मागे? किती सेंटीमीटर?

निकाल कसा वाचायचा? इथेच बहुतेक लोक गडबडतात. कॅरम आठवा. एका माणसाचा स्ट्रायकर दर वेळी पॉकेटच्या डावीकडे दोन बोटं लागतो. दुसऱ्याचा कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी बरोबर. पहिल्याला फक्त बसायची जागा बदलायला सांगा, तो सुधारेल. दुसऱ्याचा जागेने फायदा नाही, त्याला हातच स्थिर करायला हवा. क्वालिटीवाले याला शिफ्ट आणि व्हेरिएशन म्हणतील.

कॅमेऱ्याचंही तसंच. दहापैकी दहा फोटोंत फोकस त्याच बाजूला, साधारण तेवढाच चुकतोय, आणि लाइव्ह व्ह्यूचा फोटो मात्र कडक आहे, तर तो कॅलिब्रेशनचा प्रश्न. दुरुस्त होतो. फोकस कधी पुढे, कधी मागे असा विखुरतोय, तर कॅलिब्रेशन करून काही होणार नाही. उजेड कमी आहे का, निशाण ठळक आहे का, लेन्सचे धातूचे कॉन्टॅक्ट मळलेत का, मोटर अडकतेय का, हे बघा. आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये हाताने फोकस करूनही सगळंच मऊ, तर मग लेन्सच्या काचेकडे बोट दाखवायला हरकत नाही.

एका श्रोत्याने विचारलं होतं, "दादा, दहापैकी चार फोटो ब्लर येतात, ५० एमएम विकून टाकू का?" मी म्हटलं, "थांब भाऊ, आधी ते फोटो पाठव आणि ही चाचणी कर." चाचणीत दहापैकी नऊ फोटो निशाणावर. लेन्स ठणठणीत! लग्नाचे फोटो बघितले, तर काही १/६० वर काढलेले, काहींत मोती शार्प आणि डोळे मऊ. लेन्स राहिली, सेटिंग बदललं. दुसरीकडे वडगावच्या एका ताईची ८५ एमएम. अडीच मीटरवरून दहाही फोटोंत फोकस चार-पाच सेंटीमीटर पुढे. तिने मात्र कितीही काळजी घेतली असती तरी उपयोग नव्हता, कारण एफ १.८ ला त्या अंतरावर खोली होती सहा सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे डोळ्याच्या पुढे तीन आणि मागे तीन. तक्रार दोघांची एकच, औषध मात्र अगदी वेगळं.

दुरुस्ती

दर वेळी एकाच बाजूला चूक असेल तर बऱ्याच मधल्या-वरच्या डीएसएलआरमध्ये मेनूतच सोय आहे. कॅनन त्याला एएफ मायक्रोॲडजस्टमेंट म्हणतं, निकॉन एएफ फाइन ट्यून. आकडे उणे २० ते अधिक २०. फोकस पुढे पडत असेल तर अधिक, म्हणजे फोकस कॅमेऱ्यापासून लांब सरकतो. मागे पडत असेल तर उणे. आधी ५ ने बदला, पुन्हा दहा फोटो. मग बारीक करा. कॅमेरा हा आकडा त्या लेन्सच्या नावाने लक्षात ठेवतो, दुसऱ्या लेन्सला लावत नाही. झूम लेन्स असेल तर दोन्ही टोकांना तपासा. काही मॉडेलमध्ये दोन टोकांना दोन आकडे देता येतात.

कॅनन ८० डी, ९० डी, निकॉन डी ७२००, डी ७५०० यांत ही सोय आहे. कॅनन १५०० डी, २०० डी, निकॉन डी ३५००, डी ५६०० यांत नाही. मग काय? महत्त्वाचे, थांबलेले फोटो लाइव्ह व्ह्यूमध्ये काढा. अपर्चर थोडं बंद करा. नाहीतर बॉडी आणि लेन्स दोन्ही एकत्र सर्व्हिस सेंटरला द्या. एकटी लेन्स देऊ नका, कारण चूक जोडीची असते. आणि जाताना ते दहा फोटो पेनड्राइव्हमध्ये न्या. "ब्लर येतो" असं सांगणारा ग्राहक आणि "अडीच मीटरवर चार सेंटीमीटर फ्रंट फोकस, लाइव्ह व्ह्यूमध्ये ठीक" असं सांगणारा ग्राहक, दोघांशी बोलण्यात फरक पडतो.

एक काम करू नका. इंटरनेटवर बघून आतल्या छोट्या आरशाची खीळ ॲलन कीने फिरवू नका. ती फिरवली की सगळ्या लेन्सचा हिशेब बदलतो, आणि आधी नसलेला दोष विकत घेतल्यासारखं होतं.

आता चौथा चेहरा. लेन्स काढा, मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. एक-दोन धुळीचे कण दिसले तर सोडून द्या, त्याने फोकस बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. पावसाळ्यात बॅगेत महिनोन्‌महिने बंद ठेवलेल्या लेन्सला होते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, एवढं पुरतं. पुढे स्वस्तातला यूव्ही फिल्टर असेल तर तो काढून एक फोटो काढा. कधीकधी रोगी तोच असतो.

एकच बाजू मऊ येत असेल तर सपाट भिंतीसमोर कॅमेरा सरळ धरून फोटो काढा, मग कॅमेरा उलटा धरून त्याच भिंतीचा दुसरा. आधी भिंतीची डावी बाजू मऊ होती आणि आता उजवी झाली, तर मऊपणा कॅमेऱ्याबरोबर फिरला, म्हणजे लेन्समधली काच सरकलेली. दोन्ही वेळा भिंतीची तीच बाजू मऊ, तर तुम्ही भिंतीला तिरके उभे होता. सेकंडहँड लेन्स घेताना दुकानातच हे करा. दोन मिनिटं लागतात.

कधीकधी दोष हवेचा असतो

एप्रिल-मे मधला आपला मराठवाडा. दुपारी दोन वाजता पत्र्याच्या शेडवरून, डांबरी रस्त्यावरून लांबच्या लेन्सने फोटो काढलात तर तो मऊच येणार. तापलेली हवा लहरत असते आणि उजेड वाकवत असते. कुठलीही लेन्स, कुठलंही कॅलिब्रेशन इथे चालत नाही. सकाळी या, किंवा जवळ जा. वेरूळ-दौलताबादला उन्हाळ्यात झूम घेऊन जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

एसी गाडीतून उतरून पावसाळी दमट हवेत कॅमेरा काढला की काचेवर दव धरतं. पुसत बसू नका, बॅग बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबा. हॉलमध्ये जांभळे-निळे एलईडी असतील तर फोकस चाचपडतो. तिथे चेहऱ्यावर थोडा पांढरा उजेड टाका. आणि अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही. तिथल्या अंधारात फोकस विखुरला तर लेन्सला शिव्या देऊ नका.

मोबाइलवाले, तुमच्यासाठी

मोबाइलचा कॅमेरा ब्लर? सगळ्यात आधी काच पुसा. हसू नका! खिशातला घाम, बोटाचं तेल. मग कॅमेऱ्यावर चिकटवलेली जास्तीची काच काढून बघा. मग अंतर बघा. मोठ्या सेन्सरच्या बऱ्याच फोनचा मुख्य कॅमेरा साधारण १५ ते २५ सेंटीमीटरच्या आत फोकस करूच शकत नाही. मागे सरका आणि २ एक्स वापरा.

फोनच्या लेन्सलाही छोटी मोटर असते, चुंबक आणि तारेच्या वेटोळ्याची. म्हणून चुंबकाचं कव्हर किंवा होल्डर काढून पुन्हा तपासा. आणि आता बजाजनगरकरांनी कान द्या: सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने जाहीर सूचना दिली की जास्त ताकदीच्या मोटरसायकलच्या इंजिनाची थरथर हँडलमधून फोनपर्यंत पोहोचली तर आयफोनच्या स्टॅबिलायझेशनवर आणि ऑटोफोकसवर परिणाम होऊ शकतो. हँडलला फोन लावून मॅप बघत रोज जाणाऱ्यांनी थरथर शोषणारा होल्डर घ्यावा, नाहीतर फोन खिशात ठेवून कानाने रस्ता ऐकावा.

फोन आडवा धरला की फोकस लागतो आणि खाली तोंड केलं की लागत नाही, असं होत असेल तर मोटर अडकल्याची शक्यता मोठी. तिथे सेटिंगने काही होणार नाही, मॉड्यूल बदलावं लागतं.

गेजवरही संशय घ्या

शेवटची गोष्ट. २४ एप्रिल १९९० ला हबल दुर्बीण अवकाशात गेली. तिचा आरसा २.४ मीटरचा. पहिले फोटो आले ते धूसर. तपासात कळलं, आरसा कडेला ठरल्यापेक्षा सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट घासला गेला होता. केसाच्या जाडीचा पन्नासावा भाग! घासणाऱ्यांचा हात चुकला नव्हता. आरसा तपासायच्या उपकरणातली एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसली होती. गेज चुकीचं, म्हणून आरसा त्या चुकीच्या गेजला अगदी अचूक जुळणारा. त्याहून वाईट म्हणजे, दुसऱ्या साध्या उपकरणांनी गडबड दाखवली होती. पण ती कमी अचूक म्हणून बाजूला ठेवली गेली.

मग आरसा बदलला का? नाही. चूक नेमकी किती आणि कशी, हे मोजलेलं होतं. तेवढीच उलटी चूक असलेले छोटे आरसे आणि नवा कॅमेरा डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन बसवला. चष्मा लावला म्हणा ना. चूक अचूक मोजता आली, म्हणून ती दुरुस्त झाली.

तेव्हा आपल्या चाचणीतही हे बघा: फुटपट्टी खरंच निशाणाच्या रेषेत आहे ना? ट्रायपॉड हलत नाही ना? व्ह्यूफाइंडरच्या चष्म्याच्या नंबरची छोटी चकती फिरली असेल तर व्ह्यूफाइंडर धूसर दिसतो, फोटो नाही. लेन्सवरचं बटण एमएफवर सरकलेलं नाही ना?

तर मंडळी, या रविवारचा गृहपाठ: एक खोका, एक फुटपट्टी, दहा फोटो, आणि कागदावर दहा आकडे. ते हातात येईपर्यंत लेन्स विकायची नाही आणि नवीही घ्यायची नाही. आकडे पाठवा, पुढच्या भागात त्यातले काही घेऊन बसू. फोटोचा छंद असलेला एखादा मित्र किंवा मैत्रीण असेल तर हा भाग त्यांना फॉरवर्ड करा, विशेषतः जे लेन्स विकायला काढून बसलेत त्यांना.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!